साच्यातला डोंगर

माणसाला एखादा नाद असावा. कुणाला कुस्तीचा असतो, कुणाला कबुतरांचा, कुणाला दुसऱ्याच्या दाराशी उभं राहून आतलं ऐकायचा असतो. आमच्या घरमालकांना डोंगराचा होता. बघायचा किंवा चढायचा नव्हे, करायचा. जालन्याच्या भोवती नजर टाकाल तर सरकी, कडबा आणि सपाट रान. मग शेटजींनी डोंगर घरातच करायला घेतला. त्यावर कुणाचं काही म्हणणं असेल तर त्यानं ते ओट्याखाली उतरून म्हणावं, असा त्या घरचा रिवाज होता.

मी तेव्हा नवीन जालन्यात एका शाळेत भूगोल शिकवत होतो. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शाळांतून उर्दू जाऊन मराठी आली होती, आणि मराठी बोलता येणारा कुणीही माणूस मास्तर होऊ शकत होता, हे माझ्यावरून सिद्धच आहे. गाव माझं टेंभुर्णी. तिथं शेती होती, घर होतं, भाऊ होते. जालन्यात मात्र डोकं टेकायला जागा नव्हती. खोली विचारायला गेलं की लोक आधी जात विचारत, मग पगार विचारत, आणि दोन्ही ऐकून झालं की खोली नाही म्हणून सांगत.

शेटजींनी यातलं काहीच विचारलं नाही. स्टेशनाजवळ त्यांचं आडत दुकान, दुकानामागं घर, आणि घराच्या कडेला चिकटलेली एक खोली. मी दारात माझी पत्र्याची ट्रंक ठेवली. शेटजी आले, वाकले, आणि ट्रंकेवर बोटाच्या पेरानं टकटक केली. कान लावून ऐकलं.

"पोकळ हाय," ते समाधानानं म्हणाले. "वजन न्हाई. बरं हाय, राहा."

ही टकटक त्यांची ठरलेली होती. भिंत, माठ, कलिंगड, देवळाचा खांब, काहीही समोर आलं की पेर वाजवून बघायचे. त्यांचं एक वाक्यही ठरलेलं होतं: "वजन न्हाई पाहिजे, दिसणं पाहिजे." आडत दुकान चालवणाऱ्या माणसानं वजनाबद्दल असं उघड बोलू नये, पण ते बोलत. लग्नात जेवायला गेले तर पंगत सोडून ओट्याचे दगड बघत बसायचे. गिऱ्हाईक समोर पोतं उघडून उभं, आणि शेटजी विचारणार, "तुमच्या गावच्या नाल्यात दगड कसला हाय? थराचा का गोट्याचा?" गिऱ्हाईक बिचारं गांगरून शेजारच्या दुकानात जायचं.

तर या नादाचं मूळ मुंबईत होतं. एकदा व्यापाराला म्हणून गेले आणि येताना चावीची आगगाडी घेऊन आले. पत्र्याचं इंजिन, तीन डबे, पत्र्याचेच रूळ. नाव नातवाचं, आणि नातवाला ती गाडी लांबून बघायची मुभा होती. त्या दुकानाच्या काचेमागं म्हणे असलीच गाडी डोंगरातून जाऊन पलीकडून निघत होती. शेटजी त्या काचेपुढं एवढा वेळ उभे राहिले की दुकानदारानं आतून पाण्याचा पेला पाठवला. पाणी प्यायले, गाडी घेतली, आणि डोंगर डोक्यात भरून घरी आले.

दिवाणखान्यात कमरेएवढ्या उंचीचा फळ्यांचा माच घातला. त्यावर रूळ अंथरले. स्टेशन झालं, झाडं झाली, पाण्याची टाकी झाली. डोंगरासाठी कुंडलिका नदीच्या काठचे खरेखुरे दगड टांग्यातून आणले आणि एकावर एक रचले. चौथ्या दिवशी माचाचा एक पाय मोडला आणि डोंगर शेठाणीबाईंच्या पापडांवर उतरला. इथं शहाणा माणूस थांबला असता.

शेटजी थांबले, पण दुसऱ्याच कारणानं. त्यांच्याकडं चातुर्मासात जैन साधुमहाराज आले होते. प्रवचनात ते म्हणाले की दगडातसुद्धा जीव असतो. शेटजींनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे दगड पुन्हा टांग्यात भरले. टांगेवाल्यानं मला स्वतः सांगितलं, "मास्तर, एकेक दगड ज्याच्या त्याच्या खड्ड्यात नेऊन ठेवला आन् हात जोडले. एक बसंना तर माझ्यावरच वरडले, म्हणे हा याचा खड्डा न्हाई."

त्या दिवसापासून शेटजींचा नियम झाला. डोंगर तोडायचा नाही, डोंगराचा नुसता छाप घ्यायचा. म्हणजे दगडावर काहीतरी मऊ थापायचं, ते वाळलं की उचलायचं, झाला साचा. त्या साच्यात काहीतरी ओतायचं, झाला पातळ, पोकळ, बिनवजनाचा दगड. असे दगड बांबूच्या सांगाड्यावर लावायचे, झाला डोंगर. ऐकायला किती सोपं! अडचण एवढीच की ते "काहीतरी" कशाचं असावं हे शेटजींचा धर्म ठरवायचा, आणि धर्माला साच्याबद्दल फारशी आस्था नव्हती.

प्रथम कणीक झाली. छाप नामी आला आणि रात्रीत उंदरांनी साच्यासकट खाल्ला. मग कुणीतरी मेण सुचवलं. मेण म्हणजे मधमाशांचं घर, चालत नाही. तसबिरीला चौकटी करणारा म्हणाला, सरस उकळून ओता, रबरासारखा साचा निघतो. शेटजींनी विचारलं, सरस कशाचा असतो? तो सरळ मनाचा माणूस. त्यानं कातडं आणि हाडं असं खरं सांगून टाकलं. शेटजी तिथून उठून घरी आले आणि अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केली. काळी माती थापली तर आमची मराठवाड्याची काळी माती. वाळताना तिला भेगा पडल्याशिवाय राहवतं का? शेवटी मी म्हणालो, रद्दी भिजवून लगदा करा. शेटजींनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना कुणाचा तरी गळा कापायला सांगितलं होतं.

"मास्तर, तुम्ही मास्तर असून असं बोलून राह्यले? कागदावर अक्षर हाय. अक्षर म्हणजे ज्ञान. ज्ञान भिजवून कांडायचं?"

मी ज्ञान रोज शाळेत कांडत होतो, पण ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

दर फजितीनंतर, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी, मला बोलावणं यायचं. "मास्तर, जरा या. बिलकुल दोन मिनिट." मी गेलो की, "तुम्ही भूगोल शिकवता ना? डोंगर कसा असतो?" मी पुस्तकातली व्याख्या सांगायचो. ते मान हलवायचे. "ते झालं वो. पन आतून कसा असतो?" आतून डोंगर कसा असतो हे सरकारनं अभ्यासक्रमात घातलं नव्हतं. मी गप्प बसायचो आणि शेटजींना वाटायचं की मास्तर विचार करून राह्यले.

आता थोरल्या चिरंजिवांबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या शब्दावर उभा आहे. सगळे त्यांना भाईसाब म्हणत. भाईसाब वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त कुठलीही जागा दिसली की तीत किती पोती मावतील ते दिसायचं. सरकीला गोदाम कमी पडत होतं. दिवाणखाना आणि त्याला लागून असलेली माझी खोली, मधली भिंत पाडली की झकास गोदाम. वडिलांना "तुमचा डोंगर हलवा" असं तोंडावर म्हणायची त्या घरात सोय नव्हती, म्हणून त्यानं व्यापाऱ्याच्या रीतीनं तोड काढली. माझ्यासमोरच काढली.

"बापूजी, तुमची गाडी एकदा डोंगरातून आरपार जाऊ द्या. तोवर मी इथला खिळा काढनार न्हाई. पन एकदा गेली, का दिवाणखाना मोकळा आन् मास्तरची खोली बी मोकळी. शब्द?"

"शब्द," शेटजी म्हणाले. त्यांना काय, ते गाडीच्या विचारात होते.

झालं! त्या दिवसापासून अख्ख्या जालन्यात मी एकटा असा माणूस उरलो, की जो देवापुढं उभा राहून शेटजींचा साचा फुटू दे म्हणून प्रार्थना करत होता. डोंगर होत नव्हता तोवर खोली माझी होती. आणि खोलीची मला आता दुप्पट गरज होती, कारण माझं लग्न झालं होतं. बायकोला आई नव्हती. माहेरी बाप आणि दोन भाऊ, तिघंही स्वयंपाकाच्या नावानं शंख. तेव्हा पुढंमागं बाळंतपण आलं तर ते जालन्यातच, याच खोलीत, हे आम्ही दोघांनी धरूनच चाललो होतो. शेठाणीबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात तिला सांगून ठेवलं होतं की डिंकाचे लाडू माझ्याकडं लागले.

मी बायकोला सगळं नीट समजावून सांगितलं. डोंगर झाला की खोली गेली. तिनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येतो तो काय! बाईसाहेब आणि शेटजी अंगणात समोरासमोर बसलेले, मधे घमेलं, घमेल्यात कागदाचा लगदा.

"अवो, सोपं हाय," ती मला बघून आनंदानं म्हणाली. "आम्ही लगद्याच्या दुरड्या करत न्हाई का? कागद भिजवायचा, मेथ्या वाटून घालायच्या, पालथ्या घागरीला तेल लावायचं आन् वरून थापायचं. वाळलं की सुटतंय बघा टपकन. घागरीच्या जागी दगड, एवढंच."

"आणि अक्षरं?" मी म्हणालो. मला अजून आशा होती.

"छापखान्यातलं कातरण आणलंय," शेटजी म्हणाले. "कोरं हाय. बिलकुल अक्षर न्हाई. बाई हुशार हाय तुमची, मास्तर."

माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतो हे ऐकलं होतं. आमच्याकडं आधी त्या धोंड्याचा साचा तयार होत होता. रात्री मी तिला विचारलं, अगं, काय केलंस हे? ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकलाय त्यात. बघवंना मला." मी म्हणालो, आणि आपला जीव खोलीत अडकलाय त्याचं काय? त्यावर ती झोपली.

लगद्याचा साचा पहिल्यांदा घेतला तो कुंडलिकेच्या काठी, धुणं धुवायच्या जागेपासून थोडा खाली. तिथं एक काळा, थराथरांचा खडक होता आणि शेटजींचा त्याच्यावर फार दिवसांचा डोळा होता. "याच्यात दिसणं हाय," असं ते म्हणायचे. सकाळी पगडी, बंद गळ्याचा कोट अशा थाटात गेले. खडकापुढं बसले. त्याला त्रास देणार म्हणून आधी हात जोडून त्याची क्षमा मागितली. मग करडईचं तेल ओंजळीत घेऊन खडकाच्या प्रत्येक भेगेत बोटानं जिरवलं. वर लगदा थापला, पुन्हा हात जोडले आणि घरी आले. साचा वाळायला दोन-तीन दिवस लागणार होते.

आता तुम्हीच सांगा. नदीकाठचा काळा दगड, त्याला तेल, आणि त्याच्यापुढं हात जोडून बसलेला एवढा मोठा मारवाडी शेट. धुणं धुणाऱ्या बायांनी काय समजायचं? संध्याकाळपर्यंत लगद्यावर शेंदूर चढला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटले, झेंडा लागला, आणि कुणाच्या तरी अंगातही आलं. तिसऱ्या दिवशी उन्हानं लगदा वाळला आणि जसा सुटायला पाहिजे तसा, माझ्या बायकोच्या शब्दाला जागून, टपकन सुटला.

"देवानं शेंदराची खोळ टाकली! देवानं खोळ टाकली!"

हलगी आली. साच्याला हळदीकुंकू लागलं. चार माणसांनी तो डोक्यावर घेतला आणि वाजतगाजत डोहात सोडला. शेटजी आणि मी काठावर उभे. त्यांचा पहिला चांगला साचा हारांसकट तरंगत चालला होता आणि ते टाचा उंच करकरून बघत होते.

"शेटजी, सांगून टाका की यांना," मी म्हणालो. वास्तविक मला उकळ्या फुटत होत्या.

"काय सांगू? मी तेल लावलं हे खरं. हात जोडले हे बी खरं. मंग हे लोक खोटं काय करून राह्यले?" मग हळूच म्हणाले, "छाप लई छान आल्ता वो, मास्तर."

त्यानंतर ते साचे घ्यायला भर दुपारी जाऊ लागले, बाया नसताना. क्षमा घरातूनच मागायचे, कुंडलिकेच्या दिशेला तोंड करून. एक देव पुरे झाला होता.

साचे आले तसा डोंगरही वाढू लागला. ओतायचा माल शेटजींनी स्वतः ठरवला. खडूची माती, जरासा चुना, मेथीचं पाणी आणि गूळ. जुन्या हवेल्यांच्या चुन्यात गूळ असायचा म्हणे, म्हणून त्या हवेल्या अजून उभ्या आहेत. शेटजींचा हिशेब असा, की थोड्या गुळानं हवेली उभी राहते तर पुष्कळ गुळानं डोंगर केवढा राहील! ढेपांच्या ढेपा फुटल्या. माझी बायको म्हणाली, "शेटजी, गूळ जास्ती होऊन राह्यला." शेटजी म्हणाले, "गोड झाला तर काय बिघडतंय, बाई?"

आता सांगायला जिवावर येतं, पण काम माणसाचं बारीक होतं. साच्याला आतून तेलाचं बोट फिरवायचं, माल ओतून साचा हातात असा कलता करायचा की सगळीकडं पातळ थर बसावा, आणि उरलेला ओतून टाकायचा. एकाच साच्यातले दगड एकसारखे दिसू नयेत म्हणून एक उभा लावायचा, दुसरा आडवा, तिसरा उलटा. मग चहाचं पाणी, वर गेरू, आणि भेगांतून काजळ. प्रत्येक दगड वाळला की त्यावर टकटक. पोकळ आवाज आला की चेहरा असा खुलायचा की जणू दुसऱ्या नातवाचा जन्म झाला. मला एकदा हाताला धरून माचाशी नेलं आणि म्हणाले, "डोळे मिचकवून बघा." मी बघितलं. चांगला डोंगर दिसत होता, मेल्याचा.

पुढं दिवाणखाना कमी पडला. गाडीला वळायला दोन हात जागा हवी होती आणि मधे माझी भिंत होती. शेटजी आले, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाले, "मास्तर, बोगदा तुमच्या खोलीत निघतो." जसं काही हे भूगोलातच होतं.

"शेटजी, ही माझी राहायची खोली आहे."

"बराबर. म्हणून तर विचारून राह्यलो. माझी असती तर विचारलं असतं का?"

मी काही बोलायच्या आत चुलीपासून आवाज आला, "पाडा की भोक, शेटजी! भांडे मी खाली मांडते."

तर आमच्या खोलीतही कमरेएवढ्या उंचीवर एक फळी आली. फळीवर रुळाचं एक वळण, आणि भिंतीतून बाहेर आलेलं डोंगराचं बूड. गाडी त्या भोकातून येणार, आमच्या पिठाच्या डब्यापुढून वळणार आणि दुसऱ्या भोकातून परत शेटजींकडं जाणार. बायकोनं फळीच्या टोकाला रांगोळीनं स्टेशन काढलं होतं. तिला तेव्हा सहावा महिना होता. मी एकीकडं गावभर खोली शोधत फिरत होतो आणि घरी आलो की माझ्याच घरात स्टेशन!

गाडी चालवायचा मुहूर्त आखातीजचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा धरला. त्याआधी एकदा चालवून तरी बघा असं मी म्हणालो, तर शेटजी म्हणाले, नाही, पहिली गाडी मुहूर्तावरच. डोंगर दोन-अडीच महिने कापडाखाली झाकून ठेवला. रेल्वे खात्यानं खरी गाडी सुरू करतानासुद्धा इतके सोहळे केले नसतील. भाईसाब मात्र खूष होता. त्यानं पोत्यांची गाडी दुसऱ्या दिवशीचीच सांगून ठेवली होती, आणि मला अगदी सभ्यपणानं म्हणाला, "मास्तर, आठ दिवस घ्या. घाई न्हाई." आठ दिवसांत मी आठ महिन्यांची बाई घेऊन कुठं जाणार होतो? त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. शेटजींवर माझा असा राग होता की विचारू नका, आणि समोर आले की ते विचारायचे, "मास्तर, बोगद्याचं तोंड जरा लहान तर न्हाई झालं?"

आखातीजला सकाळी पाहुणे जमले. शेठाणीबाई, सुना, दुकानातली माणसं, भाईसाब. मी दिवाणखान्यात उभा होतो, आणि भिंतीपलीकडं आमच्या खोलीत बायको ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. निरांजन, कुंकू, आणि तोंड गोड करायला वाटीत साखर. गाडी आमच्याकडं पोचली की ओवाळायची, असं तिचं आणि शेटजींचं ठरलं होतं.

शेटजींनी कापड काढलं. लोकांनी "वा वा" केलं. शेटजींनी इंजिन हातात घेतलं, किल्ली पिळली, पूर्ण पिळली. इंजिन रुळावर ठेवलं, बोटानं धरून ठेवलं, आणि सोडायच्या आधी बोगद्यात एकदा बघून घ्यावं म्हणून वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले.

मीही वाकून बघितलं. बोगद्याच्या तोंडापासून आतपर्यंत रुळावर काळ्या मुंग्यांची रांग. एक रांग आत, एक बाहेर. कित्येकींच्या तोंडात पांढरी अंडी. दगडांच्या सांध्यासांध्यांतून मुंग्या. त्या पुष्कळ गुळाच्या डोंगरात त्यांनी सबंध गाव वसवलं होतं आणि रूळ हा त्यांचा हमरस्ता होता.

शेटजींनी इंजिन रुळावरून उचललं. चाकं हवेत घर्रर्र करत फिरू लागली.

भाईसाबच्या लक्षात आलं. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बापूजी, तुम्ही महाराजांच्या स्थानकात जाऊन दर्शन घेऊन या. मी गड्याला सांगतो. तुम्ही येईस्तोवर साफ. मंग आरामात चालवा." त्यानं वाईट मनानं नाही सांगितलं. बापानं एवढी वर्षं घातली, एकदा तरी त्याची गाडी जावी असं त्यालाही वाटत होतं. कुणी काही म्हटलं नसतं. शेटजींनी फक्त चपला घालायच्या होत्या.

इंजिन शेटजींच्या हातात तसंच होतं आणि आम्ही सगळे तो चाकांचा आवाज ऐकत होतो. किल्ली पूर्ण पिळलेली. फार वेळ चालला तो आवाज. मग मंद झाला. मग थांबला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"गाडी गेली का आरपार?" त्यांनी भाईसाबला विचारलं.

"न्हाई, बापूजी."

"मंग तुझा शब्द तुझ्यापाशी. खिळा काढायचा न्हाई." इंजिन त्यांनी शेठाणीबाईंच्या हातात दिलं. "हे कीडीनगरं हाय आता, मुंग्यांचं गाव. मुंग्यांना कुठं घालवू? आन् मास्तरला तरी या दिवसांत कुठं घालवू?"

आमचा नंबर मुंग्यांनंतर लागला, पण लागला. आठ दिवस ज्या माणसाला मी मनात शिव्या घालत होतो त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. पण तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"अवो! आली का गाडी?"

मी बाहेरून फिरून आमच्या खोलीत गेलो. ती फळीपुढं ताट घेऊन उभी होती, निरांजन विझू नये म्हणून हात आडवा धरलेला. मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"मंग गाडी कधीच न्हाई येनार?"

"न्हाई."

"आन् खोली?"

"खोली राह्यली."

तिनं ताट खाली ठेवलं, वाटीतली चिमूटभर साखर घेतली आणि बोगद्याच्या तोंडाशी टाकली. आम्ही दोघं बघत राहिलो. दोन मुंग्या आल्या, मग चार, मग रांगच आली. तिनं पोट सावरत भोकाशी तोंड नेलं आणि पलीकडं ओरडून सांगितलं, "शेटजी, आल्या हो इकडं सगळ्या!"

पलीकडून शेटजींचा आवाज आला.

"बराबर पोचल्या का, बाई?"

"बराबर पोचल्या."